जखमा, ड्रेसिंग आणि शोधनिबंध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्रक्रिया आणि अस्थिरोग विभागांतले निवासी डॉक्टर, ड्रेसिंग रूममधल्या सिस्टर, शल्यतंत्राचे वैद्य, फिजिओथेरपिस्ट. या सगळ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी विषयाची ओळख, मग अभ्यासाची आखणी, त्यानंतर प्रकाशन आणि शेवटी अडचणीत टाकणारे अपवाद असा क्रम आहे. प्रकाशनाइतकीच जागा आखणीला दिली आहे, कारण लेखाची किंमत बहुतेक वेळा पहिला रुग्ण अभ्यासात घेण्याआधीच ठरलेली असते.

१. जखम भरणं ही शरीराची जुनीच गोष्ट. त्यात नवं शोधण्यासारखं काय उरलंय?

पुष्कळ. कापल्या-खरचटल्याची साधी जखम रक्त गोठणं, दाह, नवं मांस धरणं आणि वण पक्का होणं या टप्प्यांतून आपली आपण जाते. मधुमेही पायाची जखम, शिरांच्या दोषामुळे घोट्याजवळ होणारा व्रण, बेडसोर, कुष्ठरोगात तळपायाला पडणारा व्रण मात्र दाहाच्या टप्प्यावरच महिनोन्महिने अडून राहतात. ते का अडतात आणि काय केलं की सुटतात, हा या क्षेत्राचा मुख्य प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न कळलेलं वळायला लागणाऱ्या वेळेचा. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये 'नेचर'मध्ये डुकरांवरचा प्रयोग छापला. पॉलिथीनच्या पातळ पडद्याखाली ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने धरली. आज साठ वर्षं उलटून गेली, तरी 'उघडी ठेवा, हवा लागू द्या, खपली धरू द्या' हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो का टिकून आहे, हासुद्धा संशोधनाचा विषय आहे.

२. सध्या संशोधनाचा ओढा कुठे आहे?

एक ओढा जिवाणूंच्या चिकट थराकडे, म्हणजे बायोफिल्मकडे आहे. २००८ मधल्या एका अभ्यासात जुनाट जखमांच्या ६० टक्के नमुन्यांत असा थर सापडला, ताज्या जखमांत फक्त ६ टक्के नमुन्यांत. वरून अँटिबायोटिकचं मलम लावून जुनाट जखम का हटत नाही, हे त्यावरून उलगडू लागलं आणि मेलेलं मांस नियमित खरवडून काढण्याला पुन्हा महत्त्व आलं.

दुसरा ओढा यंत्रांकडे. अर्जेंटा आणि मॉरिक्वास यांनी १९९७ मध्ये ऋण दाबाच्या ड्रेसिंगवरचे लेख छापले. आज जिल्हा रुग्णालयातही 'व्हॅक (म्हणजे हीच हवा खेचणारी ड्रेसिंग) लावलंय का?' असं विचारतात, त्याचं मूळ तिथे आहे.

तिसरा पेशी आणि जनुकांकडे. वाढघटक असलेलं पहिलं जेल, बेकाप्लर्मिन, अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झालं. मे २०२३ मध्ये तिथे जन्मजात फोड येणाऱ्या एका त्वचाविकाराच्या जखमांवर थेट लावायचं जनुकीय जेल मंजूर झालं. तीन दशकांपूर्वी हे कोणी बोललं असतं तर खरं वाटलं नसतं.

मोबाइलच्या फोटोवरून जखमेचं माप आणि प्रकार ओळखणाऱ्या प्रणालींवरही ढीगभर लेख येत आहेत. त्या वाचताना एक गोष्ट जरूर तपासा: प्रणाली कोणत्या रंगाच्या त्वचेवर शिकवली आहे? गोऱ्या त्वचेवर बेडसोरची पहिली खूण लाली म्हणून दिसते. सावळ्या त्वचेवर ती लाली दिसतच नाही, तिथे हात लावून ऊब आणि टणकपणा बघावा लागतो. आपल्या वॉर्डांतले फोटो आणि आपल्या सिस्टरचा हाताचा अनुभव या संशोधनात आला पाहिजे असं मला फार वाटतं.

३. ड्रेसिंगवर इतक्या चाचण्या होतात, मग 'कोणतं चांगलं' याचं उत्तर का मिळत नाही?

कारण बहुतेक चाचण्या लहान असतात, थोडे दिवस चालतात आणि जखम कशामुळे झाली या मूळ कारणाला हात घालत नाहीत. नीट केलेल्या चाचण्यांनी पुष्कळदा उत्साहावर पाणी टाकलं आहे. ब्रिटनमधल्या 'व्हल्कन' चाचणीत (२००९) २१३ रुग्णांच्या पायांच्या शिराजन्य व्रणांवर चांदीयुक्त ड्रेसिंग आणि साधी ड्रेसिंग वापरून पाहिली. १२ आठवड्यांनी भरण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. न्यूझीलंडमध्ये ३६८ रुग्णांवर झालेल्या मधाच्या 'हॉल्ट' चाचणीतही (२००८) तसंच झालं.

याउलट २०१८ ची 'एव्ह्रा' चाचणी बघा. ४५० रुग्ण होते. सगळ्यांना दाबपट्टी होतीच, फक्त एका गटाच्या बिघडलेल्या शिरेवर लवकर उपचार केले, दुसऱ्याच्या उशिरा. व्रण भरायला लागलेला मध्यक काळ ५६ दिवस विरुद्ध ८२ दिवस आला. शिरेचा दोष दूर केल्याने पडलेला फरक पट्टी बदलून पडला नसता.

ड्रेसिंगने कधीच फरक पडत नाही असंही नाही. मधुमेहात रक्तपुरवठा आणि संवेदना दोन्ही कमी झालेल्या पायांवर सुक्रोज ऑक्टासल्फेटच्या ड्रेसिंगची 'एक्स्प्लोरर' चाचणी (२०१८) झाली. २० आठवड्यांत ४८ टक्के जखमा भरल्या, तुलनेच्या गटात ३० टक्के. २४० रुग्ण, अनेक देश आणि दोन्ही गटांना सारखीच बाकीची शुश्रूषा, एवढी तयारी केल्यावर हे उत्तर मिळालं.

४. मध, बटाट्याची साल, केळीचं पान यांवर आपल्याकडे खरंच काम झालंय, की सगळं ऐकीव?

झालंय, आणि ते जगभर उद्धृत होतं. भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली लावण्याचा पहिला अहवाल केसवानी आणि पाटील यांनी मुंबईतून १९८५ मध्ये 'बर्न्स' या जर्नलमध्ये दिला. साली गॉजवर बसवून, निर्जंतुक करून वापरायच्या. साल जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी काढताना रुग्णाचा जीव जात नाही आणि खर्चही नगण्य. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी करून पाहिली. २००३ मध्ये त्यावरचे लेख त्याच जर्नलमध्ये आले. बटाट्याच्या सालीपेक्षा ती कितीतरी स्वस्त आणि करायला सोपी निघाली.

मधाचं काम सोलापूरचं. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त १०४ रुग्णांची तुलना छापली. १५ दिवसांत मधाच्या गटातल्या ८७ टक्के जखमा भरल्या, सिल्व्हर सल्फाडायझिनच्या गटातल्या १० टक्के. पुढे १९९६ मध्ये त्यांनी सोलापूरचा मध आणि मुंबईची बटाट्याची साल यांचीच तुलना केली. दोन शहरांतल्या डॉक्टरांनी अशा रीतीने एकमेकांचं काम पुढे तपासावं, ही आपल्या वैद्यकीय लेखनातली अभिमानाची गोष्ट आहे.

आता सावध करणारी बाजू. भाजलेल्या जखमांवरच्या मधाच्या चाचण्या बहुतांशी एकाच केंद्रातून आल्या, म्हणून तेच निकाल इतरत्र मिळतील का, ही शंका नंतरच्या समीक्षांनी उपस्थित केली. फरक जितका मोठा, तितकी तो दुसऱ्या हातांनी पडताळण्याची गरज जास्त. हे काम अजून कोणीही हाती घेऊ शकतं (विषय निवडीसाठी प्रश्न ६ पाहा).

आणि हे वाचून घरी मध किंवा साल लावू नये. चाचण्यांत वापरलेल्या साली आणि पानं निर्जंतुक केलेली होती, आणि स्वयंपाकघरातला मध तसा नसतो.

५. हळद किंवा आयुर्वेदातल्या उपचारावर लिहायचं तर 'ग्रंथात आहे' एवढा आधार पुरतो का?

परंपरेचा पुरावा म्हणून पुरतो, उपचार लागू पडतो याचा पुरावा म्हणून नाही. हळदीच्या पेटंटचं प्रकरण आठवा. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने (केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने) ते आव्हानित केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पुराव्यांमध्ये जुन्या ग्रंथांबरोबर 'जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन'मधला १९५३ चा एक लेखही होता. आजीला माहीत असलेली गोष्टही कोणीतरी तारखेनिशी छापून ठेवली होती, म्हणून ती कामी आली.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यातला एखादा निवडलात तर प्रस्तावनेत संदर्भ द्या, पण पुढे द्रव्य कुठून घेतलं, कसं ओळखलं, कशात किती वेळ शिजवलं, निर्जंतुक कसं केलं हे इतकं स्पष्ट लिहा की नाशिकचा वैद्य वाचून तेच तेल करू शकेल. आयुर्वेदाचे लेख परत येण्याचं सर्वांत मोठं कारण मला इथे दिसतं: औषधाचं नाव असतं, कृती नसते.

६. थिसीससाठी विषय सुचवा. सगळे 'अमुक ड्रेसिंग विरुद्ध पारंपरिक ड्रेसिंग' घेतात, तेच घेऊ का?

शक्यतो नको. 'पारंपरिक ड्रेसिंग' म्हणजे काय हे प्रत्येक रुग्णालयात वेगळं असतं. कुठे बीटाडीन-गॉज, कुठे युसॉल (क्लोरीनचं जुनं जंतुनाशक द्रावण), कुठे नुसतं सलाइन. त्यामुळे दोन थिसीसची तुलनाच होत नाही.

आपल्या दारात जे रुग्ण येतात आणि परदेशी जर्नलच्या लेखकांकडे जे येत नाहीत, त्यांच्याकडे बघा. विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांच्या घोट्याचे व्रण. घोणस चावल्यानंतर सडलेल्या कातडीच्या जखमा किती दिवसांनी भरतात, किती बोटं जातात. अनवाणी शेतात जाणाऱ्या मधुमेही माणसाला दिलेली चप्पल तो खरंच घालतो का, घरात-देवळात काढतो तेव्हा काय होतं. उसाच्या फडावर असलेल्या रुग्णाची ड्रेसिंगची तारीख चुकते तेव्हा पट्टी कोण बदलतं. यातले पुष्कळसे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, खर्च कमी आहे आणि त्यांची उत्तरं कोणाकडेच तयार नाहीत.

तालुक्याच्या गावातून मोठ्या जर्नलपर्यंत पोचता येतं का, अशी शंका असेल तर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर डोळ्यांसमोर ठेवा. विंचूदंशाचा विषय जखमेचा नव्हे, पण तिथल्या रुग्णांची काटेकोर नोंद ठेवून त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं आणि २०११ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह 'बीएमजे'मध्ये यादृच्छिक चाचणी (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेली) छापली.

७. गाईड म्हणतात ३०-३० रुग्ण पुरेत. पुरतात का?

हिशेब करून बघा. समजा नेहमीच्या उपचाराने १२ आठवड्यांत ४० टक्के जखमा भरतात आणि नवीन उपचाराने ५५ टक्के भरतील अशी आशा आहे. हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे १७३ रुग्ण लागतात. ३०-३० मध्ये तुम्हाला पकडता येईल तो ४० वरून थेट ७५ टक्क्यांवर गेलेला फरक, आणि एवढी किमया करणारी पट्टी क्वचितच सापडते.

गाईडचीही अडचण खरी आहे. तीन वर्षांच्या कोर्समध्ये साडेतीनशे रुग्ण कुठून आणायचे? तीन वाटा आहेत. एक, शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांशी मिळून एकच सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) करा. दोन, 'किती भरल्या' ऐवजी 'क्षेत्रफळ किती कमी झालं' किंवा 'पट्टी काढताना किती दुखलं' असं मोजमाप निवडा, त्याला कमी रुग्ण पुरू शकतात. तीन, अभ्यासाला उघडपणे प्राथमिक म्हणा आणि 'परिणामकारक सिद्ध झालं' असं लिहू नका.

८. जखम 'भरली' हे नक्की कशावरून ठरवायचं? आणि मोजायची कशी?

अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २००६ मध्ये दिलेली व्याख्या बहुतेक संपादक मानतात: जखमेवर पूर्ण त्वचा धरलेली, स्राव नाही, पट्टीची गरज नाही, आणि हे दोन आठवड्यांच्या अंतराने सलग दोन भेटींत दिसलेलं. दुसरी भेट आपल्याकडे हमखास गळते. रुग्ण बरा झाला की गावी जातो. म्हणून आखणीतच त्या भेटीचं प्रवासभाडं धरा किंवा आशाताईंकडून खात्री करून घेण्याची सोय ठेवा.

पूर्ण भरेपर्यंत थांबणं शक्य नसेल तर मधुमेही पायासाठी चार आठवड्यांचं माप उपयोगी पडतं. २००३ मध्ये 'डायबिटीस केअर'मधल्या २०३ रुग्णांच्या अभ्यासात, चार आठवड्यांत ज्यांच्या जखमेचं क्षेत्रफळ निम्म्याहून थोडं जास्त घटलं त्यांच्यातल्या ५८ टक्के जखमा १२ आठवड्यांत भरल्या, बाकीच्यांच्या ९ टक्के.

मापाचं म्हणाल तर लांबी गुणिले रुंदी ही पद्धत जखम मोठी दाखवते. ४ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद अशी लंबगोल जखम घ्या. गुणाकार येतो १२ चौरस सेंटिमीटर, खरं क्षेत्रफळ आहे सुमारे ९.४. वेडीवाकडी जखम असेल तर चूक आणखी वाढते, आणि आज उभी मोजलेली जखम पुढच्या आठवड्यात दुसऱ्या सिस्टरने तिरकी मोजली तर 'सुधारणा' कागदावरच होते. निर्जंतुक पारदर्शक कागदावर कडा गिरवा, किंवा फोटो काढा. फोटोत कागदी पट्टी जखमेच्या शेजारी आणि तिच्याच पातळीवर हवी, कॅमेरा सरळ वर आणि अंतर दर वेळी तेच. आणि पहिलं माप मेलेलं मांस काढून झाल्यावर घ्या. आधी घेतलंत तर खरवडल्यावर जखम मोठी झालेली दिसेल आणि तो दोष औषधाच्या माथी जाईल.

९. एका रुग्णाला दोन जखमा असतील तर त्या दोन केस धरायच्या का?

नाही. साखर तीच, रक्तवाहिन्या त्याच, घरची काळजी तीच, त्यामुळे त्या दोन जखमा एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. '४० रुग्णांच्या ६३ जखमा' घेऊन ६३ वर गणित केलं की समीक्षक पहिल्याच वाचनात पकडतात. सर्वांत मोठी जखम 'अभ्यासाची जखम' म्हणून आधीच ठरवा, बाकीच्यांची फक्त नोंद ठेवा. अपवाद एकच: एका जखमेवर एक आणि दुसरीवर दुसरा उपचार करून त्याच रुग्णात तुलना करायची असेल, तेव्हा. उदाहरणार्थ, दुसरीकडे लावण्यासाठी कातडी काढलेल्या दोन्ही मांड्या. तिथे जोडीने विश्लेषण करायचं असतं, आणि हे सिनॉप्सिसमध्येच लिहिलेलं हवं.

१०. उंदरांवर चांगला निकाल आला. लेखात 'माणसांत उपयुक्त' असं लिहू का?

लिहू नका. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आक्रसून बंद होते, माणसाची नवी त्वचा धरून भरते. हे टाळायला जखमेभोवती कडी शिवून ती ताणून धरतात. तशी कडी वापरली नसेल तर कमीत कमी मर्यादांमध्ये सांगा. २००१ च्या एका आढाव्यात डुकरांवरचे निष्कर्ष माणसांशी ७८ टक्के वेळा जुळले, छोट्या प्राण्यांवरचे ५३ टक्के. प्राण्यांच्या संस्थात्मक नैतिक समितीची मंजुरी आणि 'अराइव्ह'ची यादी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या लेखात काय काय लिहायचं याची तपासयादी) लेखासोबत लागते.

११. एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय: आधी काय, नंतर काय?

आधी एथिक्स कमिटीची मंजुरी, मग सीटीआरआयवर नोंदणी, मग पहिला रुग्ण. हा क्रम उलटला तर लेख अडकतो. सीटीआरआय ही भारतातली चाचण्यांची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, नोंदणी फुकट असते, आणि १ एप्रिल २०१८ पासून फक्त चाचणी सुरू होण्याआधीचीच नोंद घेतली जाते. उपचार तुम्ही ठरवून देत असाल तर नोंदणी हवीच, मग तो पीजीचा थिसीस का असेना.

नोंदणीतून प्रश्न येतात, दुरुस्त्या होतात, वेळ जातो. सिनॉप्सिस मंजूर झाल्या दिवशीच अर्ज भरायला बसा. कन्सेंटचा मराठी मसुदाही तेव्हाच तयार करा आणि तो वॉर्डातल्या एखाद्या नातेवाइकाला वाचायला द्या. त्याला तो समजला नाही तर सही घेऊन उपयोग नाही. (नोंदणी राहून गेली असेल तर प्रश्न १७.)

१२. जर्नल खरं की पैसे उकळणारं, हे कसं ओळखायचं?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि दुखऱ्या जागेचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यताप्राप्त यादीवर लोक डोळे मिटून विसंबले होते. २०१८ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं की विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या १,००९ जर्नलपैकी ८८ टक्के निकषांत बसत नव्हती. त्या मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नावं यादीतून काढली. त्यानंतर आलेली 'केअर' यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता तपासणीची जबाबदारी तुमच्या संस्थेवर आणि तुमच्यावर आहे.

जर्नलचं नाव पबमेड या शोधस्थळावर दिसतं म्हणून ते मेडलाइन या निवडक जर्नलांच्या सूचीत आहे असं होत नाही. एनएलएमच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या) कॅटलॉगमध्ये जाऊन 'मेडलाइनमध्ये सध्या समाविष्ट' असं लिहिलंय का बघा. खुलं जर्नल असेल तर डीओएजेमध्ये (खुल्या जर्नलांच्या सूचीत) शोधा. संपादक मंडळातल्या दोन जणांच्या संस्थेच्या पानावर त्यांनी स्वतः त्या जर्नलचा उल्लेख केलाय का, ते पाहा. मागच्या अंकातला जखमांवरचा एक लेख पूर्ण वाचा. तो मंजूर व्हायला नको होता असं वाटलं तर तुमचाही तिथे देऊ नका. 'सात दिवसांत प्रकाशन' असं आश्वासन आणि मंजुरीनंतरच कळणारी फी, या दोन गोष्टी दिसल्या की मागे फिरा. नामांकित जर्नलच्या नावाची हुबेहूब नकली संकेतस्थळंही असतात, म्हणून पत्ता नेहमी कॅटलॉगमधून उघडा.

हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाला अमेरिकेच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली, ती लेखकांची दिशाभूल केल्याबद्दल. तिथे लेख दिलेल्यांत आपल्याकडचे कष्टाने काम केलेले तरुणही होते. एकदा अशा ठिकाणी छापलेलं काम दुसरीकडे छापता येत नाही, हे नुकसान पैशापेक्षा मोठं आहे.

पदोन्नतीसाठी कोणते डेटाबेस चालतात हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या ताज्या अधिसूचनेतच बघा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या यादीवर जाऊ नका.

१३. फी भरायला पैसे नाहीत. मार्ग आहे का?

आहे. वर्गणीवर चालणारी पुष्कळ जर्नल्स लेखकाकडून काहीच घेत नाहीत. लेख सर्वांसाठी खुला करायचा असेल तरच पैसे मागतात, तो पर्याय नाकारा. गरीब देशांसाठीच्या सवलतीच्या यादीत भारत सहसा नसतो, तरी सादर करतानाच संपादकांना फी माफ करण्याची विनंती करता येते. मंजुरीनंतर मागितलेली माफी मिळत नाही.

वाचनाचं म्हणाल तर 'एक देश एक वर्गणी' योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना सुमारे १३,००० जर्नल्स खुली झाली आहेत. खासगी महाविद्यालयं त्यात नाहीत. तिथल्या निवासी डॉक्टरांनी लेखकालाच सरळ मेल करावा, बहुतेक जण प्रत पाठवतात.

१४. माझ्या अभ्यासात काहीच फरक दिसला नाही. असा लेख कोण छापणार?

छापतात, आणि तो छापायलाच हवा. प्रश्न ३ मधल्या चांदी आणि मधाच्या चाचण्या 'फरक नाही' असंच सांगतात, आणि त्यांनी अनेकांचा अनावश्यक खर्च वाचवला.

धोका वेगळाच आहे, निकाल गोड करून मांडण्याचा. २०१३ मध्ये 'ट्रायल्स' या जर्नलमध्ये जखमांवरच्या चाचण्यांची तपासणी आली. मुख्य निकालात फरक नसलेल्या २८ लेखांपैकी २० लेखांच्या सारांशात तो निकाल अनुकूल भासेल अशी भाषा होती. 'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नसला तरी सुधारणेकडे कल दिसला' हे वाक्य त्यातलंच. घाईतला डॉक्टर फक्त सारांश वाचतो आणि त्यावरून रुग्णाला महागडी पट्टी लिहून देतो. मुख्य मोजमाप जे ठरवलं होतं त्याचाच आकडा सारांशाच्या निष्कर्षात पहिल्या वाक्यात लिहा.

१५. लेखक म्हणून नावं कोणाची? विभागप्रमुखांचं घालावंच लागतं का?

वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत: आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या तपासणीत वाटा, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी. चारही हव्यात. खाटा आणि परवानगी देणाऱ्या सरांचे आभार माना. उलट रोज जखम मोजणाऱ्या सिस्टरला मसुदा वाचायला, त्यात बदल सुचवायला द्या, म्हणजे त्यांचं नाव हक्काने येईल. आपल्याकडे हे फार क्वचित होतं. एआय साधनाचं नाव लेखक म्हणून चालत नाही, पण वापरलं असेल तर तसं नमूद करावं लागतं.

१६. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी टाकली की झालं ना?

नाही. डोळे झाकणं अपुरं आहे हे संपादकांच्या समितीने स्पष्ट म्हटलं आहे. गोंदण, जन्मखूण, हातातला नोंदणी क्रमांकाचा पट्टा, मागच्या भिंतीवरचं रुग्णालयाचं नाव, यांवरूनही माणूस ओळखू येतो. ऑपरेशनच्या संमतिपत्रात फोटोच्या प्रकाशनाची संमती येत नाही. ती वेगळी, लेखी आणि रुग्णाच्या भाषेत घ्या, आणि लेख इंटरनेटवर कोणालाही दिसेल हे त्यात सांगा. एकाच रुग्णाचा केस रिपोर्ट असला तरी हेच लागू.

१७. चाचणी झाली, पण सीटीआरआय नोंदणी राहून गेली. आता?

मागच्या तारखेने नोंदणी होत नाही आणि चाचणीला 'निरीक्षणात्मक अभ्यास' म्हणून खपवणं ही फसवणूक ठरते. एथिक्स कमिटीला लेखी कळवा. लेखात 'नोंदणी झालेली नाही' असं कारणासह सरळ लिहा. मोठी जर्नल्स नाकारतील. काही लहान, प्रामाणिक जर्नल्स संपादकांशी आधी पत्रव्यवहार केल्यास विचार करतात. कुठेच नाही जमलं तर थिसीस म्हणून काम उपलब्ध राहतंच.

१८. कंपनीने ड्रेसिंग फुकट दिली. हेही सांगायचं का?

हो, रकमेचा आकडा शून्य असला तरी. कंपनीने काय दिलं, आखणीत आणि विश्लेषणात तिचा हात होता का, लेख छापण्यापूर्वी तिने वाचला का, या सगळ्याचं उत्तर लिहा. 'निकाल काहीही येवो, छापण्याचा हक्क आमचा' हे माल घेण्याआधीच पत्रात लिहून घ्या. आणि तुलनेच्या गटालाही तितक्याच वेळा पट्टी बदलून द्या. नव्या ड्रेसिंगच्या रुग्णाला रोज तपासून दुसऱ्याला आठवड्याने बोलावलं तर मोजली जाते ती देखभाल.

१९. थिसीस ऑनलाइन भांडारात चढला आहे. आता लेख दिला तर दुबार प्रकाशन होईल का?

बहुतेक जर्नल्स तसं मानत नाहीत. पण साम्य तपासणीत तुमचाच थिसीस ७० टक्के जुळलेला दाखवेल, म्हणून संपादकांना पाठवतानाच्या पत्रात थिसीसचं नाव आणि वर्ष द्या. एकाच थिसीसचे 'वेदना', 'जंतू' आणि 'खर्च' असे तीन लेख पाडणं मात्र टाळा. वाचकाला तीन वेगळे अभ्यास वाटतात आणि पुढच्या एकत्रित विश्लेषणात (अनेक अभ्यासांचे आकडे मिळवून केलेल्या गणितात) तेच ६० रुग्ण तीनदा मोजले जातात.

२०. मी ज्यावर विसंबलो तो लेखच मागे घेतला गेला. माझ्या लेखाचं काय?

हे आता विरळ राहिलेलं नाही. २०२३ या एका वर्षात जगभर १०,००० हून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले, त्यातले ८,००० हून जास्त एकट्या हिंदावी या प्रकाशकाचे. मागे घेतलेल्या लेखांची रिट्रॅक्शन वॉचची यादी आता सर्वांना खुली आहे. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ ठेवत असाल तर मागे घेतलेल्या लेखावर लाल सूचना आपोआप येते.

पुढची कृती तो लेख तुमच्याकडे कशासाठी आला होता यावर ठरते. प्रस्तावनेत एका वाक्यापुरता असेल आणि लेख अजून छापायचा असेल तर काढून टाका. तुमच्या रुग्णसंख्येचा हिशेब त्याच्या आकड्यांवर बेतला असेल तर हिशेब दुसऱ्या आधाराने पुन्हा करा आणि तसं लिहा. तुम्ही एकत्रित विश्लेषण छापलेलं असेल तर तो अभ्यास वगळून गणित पुन्हा मांडा, निष्कर्ष बदलो वा न बदलो, आकडे संपादकांना पाठवा आणि दुरुस्ती छापण्याची विनंती करा. मागे घेतल्याची नोंद बघायची सर्वांत सोयीची वेळ म्हणजे अंतिम प्रुफं हातात येतात तेव्हा: संदर्भांची सगळी यादी तेव्हा पुन्हा एकदा तपासा.